फवारणी कमी कशी होणार? कायदा, बंदी आणि कृषी सेवा केंद्राचं काउंटर

ऑगस्ट उलटला की विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी हे बघायला मिळतं. शेतकरी कपाशीचं आकसलेलं पान खिशातून काढून कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ठेवतो आणि विचारतो, “भाऊ, यावर काय मारू?” दुकानदार पान उलटंसुलटं करून बघतो, मागच्या फळीवरून दोन डबे काढतो, सोबत एक ‘टॉनिक’ची बाटली ठेवतो आणि वहीत आकडा मांडतो. पैसे कापूस विकल्यावर द्यायचे. त्या शेतावर यंदा काय आणि किती फवारलं जाणार, हे असं पाच मिनिटांत ठरून जातं.

केंद्र सरकारनं एकात्मिक कीड व्यवस्थापन हे पीक संरक्षणाचं मुख्य धोरण म्हणून स्वीकारलं ते १९८५ साली. रसायन हा शेवटचा उपाय, आधी बाकीचं सगळं करून बघा, असा त्याचा अर्थ. म्हणजे ‘फवारणी कमी करा’ असं सरकार चाळीस वर्षं सांगतं आहे. तरी काउंटरवरचा प्रश्न बदलला नाही आणि उत्तरही नाही. कागदावरचं धोरण आणि काउंटर यांच्यामध्ये काय काय आहे, ते या लेखात उलगडून बघू.

कायदा कशासाठी झाला होता?

१९५८ साली केरळात गव्हाचं पीठ आणि साखर खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. बोटीतून माल येताना पॅराथिऑन नावाचं कीटकनाशक सांडून अन्नात मिसळलं होतं. विषारी औषधांची आयात, वाहतूक, विक्री यांवर देशात धड नियंत्रणच नाही, हे तेव्हा ध्यानात आलं. चौकशी झाली, समित्या बसल्या आणि त्यातून कीटकनाशक अधिनियम, १९६८ आला. त्याचे नियम १९७१ चे. आजही देशभर हाच कायदा चालतो.

हा जन्म लक्षात ठेवला की पुढचं बरंच कोडं सुटतं. कायदा आला अपघात टाळायला. बनावट माल पकडायचा, नोंदणीशिवाय कोणी विकू नये हे बघायचं, डब्यावर सूचना असाव्यात, एवढं त्याचं काम. शेतात कमी फवारलं जावं हा त्याचा हेतू कधीच नव्हता. शिवाय हरितक्रांतीच्या त्या दिवसांत सरकारला फवारणी वाढवायची होती. बीएचसी या कीटकनाशकाची पावडर गावोगाव वाटली जायची ती काही हौसेनं नव्हे.

या कायद्याखाली दोन यंत्रणा आहेत. केंद्रीय कीटकनाशक मंडळ सल्ला देतं आणि नोंदणी समिती प्रत्येक औषधाची नोंदणी करते. कारभार फरिदाबादहून चालतो. नोंदणी होते ती नुसत्या रसायनाची नव्हे. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, एकरी किती मात्रा, किती पाण्यात आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी काढणी, हे सगळं त्यात ठरतं. यालाच शेतकरी आणि दुकानदार ‘लेबल क्लेम’ म्हणतात. कपाशीसाठी नोंदलेलं औषध वांग्यावर मारलं तर ते लेबल क्लेमच्या बाहेर गेलं.

आता ते डब्यावरचं माहितीपत्रक एकदा हातात घेऊन बघा. घडी उलगडत गेलं तर वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढं होतं, अनेक भाषांत असतं, आणि अक्षर इतकं बारीक की चष्म्यावर चष्मा लावावा लागेल. त्यात सगळं असतं, फक्त ते वाचता येत नाही. त्यातल्या त्यात उपयोगाचा आहे तो रंगीत त्रिकोण. लाल म्हणजे अति तीव्र विषारी, पिवळा म्हणजे तीव्र, निळा मध्यम आणि हिरवा सौम्य. कुठला डबा कितपत घातक, हे निरक्षर माणसालाही कळावं म्हणून ही सोय. पण ‘लाल’ म्हणजे जोरदार औषध, लवकर गुण येतो, असा उलटा अर्थ शेतावर रूढ आहे. हिरव्या त्रिकोणाचा डबा पुढे केला तर “हे पाणीच आहे का?” असं विचारणारे भेटतात.

बंदी: ऐकायला मोठी, चालायला हळू

कीटकनाशकांचा विषय निघाला की आधी मागणी होते बंदीची. भारतात बंदी कशी येते, ती प्रक्रिया बघण्यासारखी आहे.

२०१३ साली केंद्रानं डॉ. अनुपम वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. इतर देशांत बंद किंवा मर्यादित झालेली, पण भारतात चालू असलेली ६६ औषधं तपासायचं काम तिच्याकडे होतं. समितीच्या शिफारशीवरून २०१८ साली १८ औषधांवर बंदीचा आदेश निघाला. त्यातली १२ लगेच बंद, उरलेली सहा औषधं डिसेंबर २०२० नंतर. मग मे २०२० मध्ये आणखी २७ औषधांवर बंदीचा मसुदा आला. हरकती मागवल्या, उद्योगानं विरोध केला, नव्या समित्या बसल्या. शेवटी २०२३ साली त्या २७ मधली पूर्ण बंद झाली ती तीन: डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल. यांच्या जोडीला मोनोक्रोटोफॉसचं ३६ टक्क्यांचं द्रव रूप बंद करायचं ठरलं, आणि शिल्लक माल संपवायला मुदत मिळाली. बाकी बऱ्याच औषधांचं काही पिकांवरचं लेबल तेवढं काढून घेतलं.

मोनोक्रोटोफॉसचं उदाहरण जरा थांबून बघावं असं आहे. भाजीपाल्यावर ते मारायला २००५ पासूनच मनाई होती. पण दुकानात ते कपाशीसाठी मिळत राहिलं, आणि एकदा डबा घरात आला की तो कपाशीवर रिकामा होतो की भेंडीवर, हे बघायला कोण येणार? २०१३ च्या जुलैत बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं दुपारचं जेवण खाऊन २३ मुलं गेली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं. एका पिकावर बंद आणि शेजारच्या पिकावर चालू, अशी बंदी घरातल्या फडताळापर्यंत पोहोचत नाही.

राज्य सरकारांचे हात तर आणखी बांधलेले. कायद्याच्या कलम २७ नुसार राज्याला एखाद्या औषधाची विक्री थांबवता येते ती ६० दिवस. चौकशी बाकी असेल तर आणखी ३० दिवस. त्यापुढे अधिकार केंद्राचा. पंजाब सरकार बासमतीच्या हंगामात काही औषधांवर ६० दिवसांची बंदी घालतं, कारण औषधाचे अंश सापडले की परदेशातून तांदूळ परत येतो. पुढच्या वर्षी पुन्हा तोच आदेश नव्या तारखेनं. केरळच्या कासरगोडमध्ये काजूच्या बागांवर हेलिकॉप्टरनं एंडोसल्फान फवारलं जायचं. तिथल्या लोकांचे हाल देशभर गाजले, तरी ते देशात थांबलं २०११ साली, तेही सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं.

जुना कायदा बदलायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक २००८ साली आलं, बारगळलं. २०१७ ला नवा मसुदा आला. २०२० ला विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं आणि तिथून संसदीय स्थायी समितीकडे गेलं. पण १९६८ चा कायदा आपल्या जागी टिकून आहे.

यवतमाळ, २०१७

धोरणाच्या चर्चेत हा हंगाम टाळून पुढे जाता येत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन दवाखान्यात यायला लागले. बघता बघता आकडा शेकड्यांत गेला. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं दगावली.

त्या वर्षी नेमकं काय झालं होतं? कपाशी डोक्याएवढी वाढली होती. पिकाची उंची कमरेएवढी असते तेव्हा नोझल खाली धरून फवारतात. पीक डोक्याएवढं झालं की हात वर करून फवारावं लागतं आणि तो फवारा अंगावर परत येतो. हवा दमट, उकाडा प्रचंड, अंगातला सदरा घामानं आणि औषधानं ओला. पाठीवर बॅटरीवर चालणारा पंप, तो साध्या हातपंपापेक्षा कितीतरी जास्त धुकं उडवतो. औषधंही एकात एक मिसळलेली: बोंडअळीसाठी एक, पांढऱ्या माशीसाठी दुसरं, वर टॉनिक. अशा मिश्रणाची नोंदणी कुठेच नसते, कारण ते बादलीत तयार झालेलं असतं.

ऑरगॅनोफॉस्फेट गटातली औषधं किडीच्या मज्जातंतूंवर काम करतात. एका तंतूकडून दुसऱ्याकडे गेलेला निरोप संपवायचं काम शरीरातलं एक विकर (एन्झाइम) करतं. औषध त्या विकरालाच जखडून ठेवतं, त्यामुळे निरोप संपतच नाही, स्नायू आखडत राहतात आणि कीड मरते. माणसाचे मज्जातंतूही याच पद्धतीनं चालतात. घाम फुटतो, तोंडाला पाणी सुटतं, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, मळमळतं, छाती भरून येते. त्यावर अॅट्रोपिनचं इंजेक्शन असतं, पण ते वेळेत आणि पुरेसं मिळायला हवं. दुसऱ्या गटाचं औषध असेल तर उपचार वेगळे. म्हणून डॉक्टर आधी विचारतात, “काय फवारलं होतं? डबा आणला का?” आणि मजुराला ते ठाऊक नसतं. औषध मालकानं बादलीत कालवून दिलेलं असतं.

विशेष तपास पथक नेमलं गेलं. पश्चिम विदर्भातल्या जिल्ह्यांत पाच औषधांची विक्री ६० दिवस थांबवली, तीही हंगाम उतरणीला लागल्यावर. पुढच्या वर्षांत हातमोजे, मास्क, चष्मा असे संच वाटले गेले. हे संच वापरा असं सांगणाऱ्यानं एकदा सप्टेंबरच्या दुपारी बारा वाजता कपाशीत तो प्लॅस्टिकचा अंगरखा चढवून तासभर चालून दाखवावं, असं मला मनापासून वाटतं.

कंपन्यांचं म्हणणं असं की औषध चांगलं होतं, वापर चुकला. वापर चुकला हे खरं आहे. पण लाल त्रिकोणाचं औषध चाळीस अंशांच्या देशात, भाड्याच्या पंपानं, रोजंदारीच्या माणसाच्या हातून मारलं जाणार हे नोंदणी करताना माहीतच असतं. ज्या वापराची आधीच खात्री आहे, त्याला चूक कसं म्हणायचं?

किलोनं मोजायचं की विषानं?

धोरणात ‘कमी करा’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो मापाचा. उद्योगाकडून एक आकडा नेहमी पुढे येतो: भारतात हेक्टरी वापर अर्ध्या किलोच्या आसपास, आणि चीन-जपानमध्ये त्याच्या कित्येक पट. मग भारतात कमी काय करायचं?

आकडा खोटा नाही, पण सरासरी फसवी आहे. तिच्यात कोरडवाहू ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगा हे सगळं येतं, आणि त्यांच्यावर फवारणी जवळपास शून्य असते. उरलेला सगळा भार कपाशी, भात, मिरची, द्राक्ष, डाळिंब, वांगी, टोमॅटो अशा मोजक्या पिकांवर पडतो. देशात जास्त कीटकनाशक वापरणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र कायम वरच्या क्रमांकावर असतो, तो या पिकांमुळे.

दुसरी गोम वजनाची. बीएचसीची दहा टक्के पावडर हेक्टरी वीस-पंचवीस किलो धुरळायचे. म्हणजे मूळ विष दोन-अडीच किलो. १९९७ साली बीएचसी बंद झालं. आज बोंडअळीवर इमामेक्टिन बेंझोएट मारतात, तर त्यातलं मूळ रसायन हेक्टरी दहा-अकरा ग्रॅम पडतं. वजन दोनशे पटीनं घटलं, फवारणी मात्र एकही कमी झाली नाही. सरकारी तक्त्यात ही घट ‘यश’ म्हणून दिसू शकते. डेन्मार्कनं २०१३ पासून कीटकनाशकांवरचा कर वजनावर न लावता माणसाला, पाण्याला आणि मधमाश्या-गांडुळांसारख्या जिवांना किती धोका आहे त्यावर लावायला सुरुवात केली. धोका जास्त त्याला कर जास्त, त्यामुळे सौम्य औषध आपोआप स्वस्त पडतं. आपल्याकडे रंगीत त्रिकोण १९७१ च्या नियमांपासून आहेच. त्याच्यावरून कर ठरवायचा विचार मात्र धोरणात शिरलेला नाही. सगळ्या रासायनिक कीटकनाशकांवर जीएसटी सरसकट १८ टक्के, त्रिकोण लाल असो की हिरवा. जैविक औषधांपैकी बारांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आणला, तेवढी एक बरी गोष्ट झाली.

द्राक्षाला जमलं, कपाशीला का नाही?

२००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि नाशिक-सांगलीच्या बागायतदारांची झोप उडाली. मग शेतमाल निर्यातीचं काम बघणारी केंद्राची संस्था अपेडा आणि पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी मिळून एक व्यवस्था बसवली. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी, प्रत्येक फवारणीची नोंद, काढणीआधी प्रयोगशाळेत नमुना, आणि पास झाला तरच कंटेनर भरायचा. २००६ पासून हे सगळं ‘ग्रेपनेट’वर आलं. युरोपातल्या ग्राहकानं डब्याचा क्रमांक सांगितला की बागेपर्यंत माग काढता येतो. कोणतं औषध किती दिवस आधी थांबवायचं, म्हणजे पीएचआय, हे द्राक्ष बागायतदाराला आज तोंडपाठ असतं.

तरीही २०१० साली दणका बसलाच. वेलीची वाढ रोखणाऱ्या सीसीसीचे अंश युरोपात सापडले आणि कंटेनर अडकले. सीसीसी तपासायच्या यादीतच नव्हतं. पुढच्या हंगामात ते यादीत आलं आणि बागायतदार सावध झाले.

अशा व्यवस्थेचं बळ आणि मर्यादा दोन्ही इथे दिसतात. जे मोजलं जातं ते सुधारतं. द्राक्षात मोजला जातो तो फळावरचा अंश. म्हणून बागायतदारानं औषध बदललं, वेळ बदलली, शेवटचा महिना सांभाळला. छाटणीपासून मणी फुगेपर्यंत होणाऱ्या फवारण्यांची संख्या त्या मानानं फार घटली नाही, कारण डाऊनी आणि भुरी हे रोग काही ग्रेपनेट बघून येत नाहीत. अंश कमी होणं आणि फवारणी कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाणारा पहिलीनं वाचतो. फवारणारा, जमीन आणि विहिरीचं पाणी वाचतं ते दुसरीनं.

कपाशीच्या बाजूनं तर तपासायला कोणी उभंच नाही. कापूस खाल्ला जात नाही, जिनिंगवाला ओलावा बघतो, धाग्याची लांबी बघतो. किती फवारण्या झाल्या हे कोणी विचारत नाही, आणि भावात त्यानं एक रुपयाचा फरक पडत नाही. तीच गत गावच्या आठवडी बाजारातल्या वांग्या-भेंडीची. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मर्यादा ठरवल्या आहेत, कडकही आहेत, पण गुरुवारच्या बाजारात पाटीभर भेंडी घेऊन बसलेल्या बाईंचा नमुना कोण घेणार?

कपाशीत जमेल असं काय आहे?

२००२ साली बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार होणारं वाण, आला तेव्हा बोंडअळीवरच्या फवारण्या खरंच घटल्या. त्याआधी देशातल्या एकूण कीटकनाशकांपैकी जवळपास निम्मी एकट्या कपाशीवर पडत. मग बोंडअळी गेली आणि मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी वाढली, फवारण्या त्यांच्यासाठी सुरू झाल्या. पुढे गुलाबी बोंडअळीनं बीटीलाही जुमानलं नाही आणि २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडंच्या बोंडं किडकी निघाली.

तोवर साध्या उपायाची एक पुडी प्रत्येक पाकिटाबरोबर येत होती. बीटीच्या ४५० ग्रॅम बियाण्यासोबत बिगर-बीटीचं १२० ग्रॅम बी, शेताच्या कडेनं लावायला. अळीला तिथे बिगर-विषारी खाद्य मिळावं, म्हणजे तिची प्रतिकारशक्ती लवकर तयार होणार नाही, असा हेतू. बहुतेकांनी ती पुडी बांधावर फेकली, काहींनी नांगे भरायला वापरली. त्यांना दोष देणं सोपं आहे. पण कडेच्या चार ओळी अळीला का द्यायच्या, हे त्यांना बसून कोणी समजावलं नव्हतं. विक्रेत्याला त्यातून काही सुटत नव्हतं, आणि कृषी सहायकाकडे इतकी गावं असतात की एका गावात पुन्हा यायला आठवडे जातात.

त्यानंतर काही गोष्टी बऱ्या झाल्या, आणि त्या बंदीच्या बातम्यांपेक्षा कमी गाजतात. राज्याच्या कृषी विभागानं कपाशीचं बियाणं १ जूनपूर्वी शेतकऱ्याला विकायचं नाही असा नियम आणला. मे महिन्यात ओलितावर कपाशी लागली की जुलैत फुलं येतात, कोषातून निघालेल्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगाला ती आयती मिळतात आणि पुढच्या पिढ्यांची सोय होते. लावणीच उशिरा झाली तर पहिले पतंग उपाशी मरतात. एक थेंब न फवारता कीड कमी करायचा हा उपाय, तोही सरकारी परिपत्रकातला! दुसरं आवाहन फरदड न घेण्याचं. डिसेंबरनंतर पाणी देऊन कपाशी राखली की अळीला बारमाही घर मिळतं. पण फरदडीत चार पैसे सुटतात, त्यामुळे हे आवाहन दरवर्षी करावं लागतं.

आणि ‘क्रॉपसॅप’. २००८ च्या हंगामात सोयाबीनवर पानं खाणाऱ्या अळ्यांनी धुमाकूळ घातला, त्यानंतर २००९-१० पासून राज्यात कीड-रोग सर्वेक्षणाचा हा प्रकल्प सुरू झाला. ठरलेल्या शेतांत माणूस जातो, किडी मोजतो, आकडे संगणकावर चढतात आणि त्या भागासाठी सल्ला निघतो. याच्या मुळाशी आहे आर्थिक नुकसान पातळी. कीड दिसली म्हणून फवारायचं नाही. किडीनं होणारं नुकसान फवारणीच्या खर्चापेक्षा जास्त होणार असेल तेव्हाच फवारायचं. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळा लावतात. त्यात मादीच्या वासाची वडी असते, नर पतंग येऊन अडकतात. सलग तीन रात्री सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले तर पातळी ओलांडली असं धरतात. तुडतुड्यांची पिल्लं पानामागे दोन-तीन भरेपर्यंत थांबायचं. पाकळ्या मिटून गुलाबासारखी झालेली डोमकळी दिसली की ती तोडून आतल्या अळीसकट नष्ट करायची.

हे सगळं ठीक, पण सल्ला येतो मोबाइलवर आणि पान जातं दुकानात. दुकानदार उधार देतो, सल्ला उधार देत नाही. आणि ‘अजून फवारू नका’ हा सल्ला देऊन पोट भरेल असं एकही दुकान नाही. विक्रेत्याला कृषी शिक्षण किंवा पदविका हवी असा नियम झाला, जुन्या दुकानदारांसाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेचा वर्षभराचा अभ्यासक्रम आला. शिकलेला दुकानदार चांगलाच. पण त्याची कमाई ठरते विकलेल्या डब्यावर, दिलेल्या सल्ल्यावर नाही. माझ्या मते सगळ्या धोरणाचं दुखणं इथे आहे.

बाहेर कोणाला जमलं?

इंडोनेशियाचं उदाहरण इथे चपखल बसतं. तिथलं सरकार भातासाठी कीटकनाशकांवर किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत अनुदान देत असे. त्यातून तपकिरी तुडतुड्यांचा उद्रेक झाला. फवारणीनं तुडतुडे मरायचे, पण त्यांना खाणारे कोळी आधी मरायचे, आणि खोडात दडलेली तुडतुड्यांची अंडी मात्र सुखरूप राहायची. नोव्हेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानं भातावर ५७ कीटकनाशकं बंद झाली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत अनुदान संपलं. त्याबरोबरच शेतकऱ्यांच्या शेतशाळा सुरू झाल्या. पंचवीस-तीस शेतकरी हंगामभर दर आठवड्याला बांधावर जमायचे, मित्रकीड कोणती आणि शत्रुकीड कोणती हे स्वतः मोजायचे. फवारणी घटली, भाताचं उत्पादन घटलं नाही. आपल्याकडची ‘शेतीशाळा’ ही याच कल्पनेची पुढची पिढी.

श्रीलंकेनं २०२१ च्या मे महिन्यात रासायनिक खतं आणि औषधं यांची आयात एका फटक्यात थांबवली आणि नोव्हेंबरात निर्णय मागे घेतला, तोवर भात आणि चहा दोन्ही पडले होते. सिक्कीम २०१६ साली पूर्ण सेंद्रिय राज्य जाहीर झालं, पण त्याची सुरुवात २००३ मध्ये होती आणि तिथे रसायनांचा वापर मुळातच थोडा होता. वेलदोडा आणि आल्याच्या राज्याचा कित्ता कपाशीच्या राज्याला जसाच्या तसा गिरवता येत नाही.

सध्याचा जोर दोन गोष्टींवर आहे. एक ड्रोन. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत महिला बचत गटांना १५ हजार ड्रोन द्यायचे आहेत. ड्रोननं एकरी दहा-बारा लिटर पाण्यात काम होतं आणि पाठीवर पंप घेतलेला माणूस धुक्यातून बाहेर येतो, यवतमाळ आठवलं तर ही मोठीच गोष्ट. पण औषधाची एकरी मात्रा तीच राहते. उलट इतक्या कमी पाण्यात ते जास्त घट्ट होतं आणि वाऱ्यानं शेजारच्या शेतावर, विहिरीवर जाऊ शकतं. म्हणून ड्रोन हा सुरक्षिततेचा उपाय आहे, वापर कमी करण्याचा नव्हे. जाहिरातीत मात्र दोन्ही एकत्र करून सांगतात.

दुसरं, नैसर्गिक शेतीचं राष्ट्रीय अभियान. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या अभियानात २,४८१ कोटी रुपये आहेत, एक कोटी शेतकरी आणि साडेसात लाख हेक्टर हे लक्ष्य आहे आणि दहा हजार जैविक निविष्ठा केंद्रं उभी करायची आहेत. या शेवटच्या आकड्याकडे लक्ष ठेवायला हवं, कारण रसायनाला पर्याय असलेल्या वस्तूंची अडचण गुणाची कमी आणि पोहोचण्याची जास्त आहे. ट्रायकोकार्डचं बघा. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर धान्यातल्या पतंगाची वीसेक हजार अंडी चिकटवलेली असतात आणि त्यांच्या आत परजीवी माशी वाढत असते. कार्डाच्या पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या मागच्या बाजूला टाचायच्या, माशी बाहेर येते आणि बोंडअळीच्या अंड्यांतच आपली अंडी घालते. रासायनिक डबा दुकानाच्या फळीवर दोन वर्षं टिकतो. हे कार्ड फार तर काही दिवस, तेही थंड ठेवलं तर. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतून निघून एसटीनं तालुक्याला, तिथून गावात येईपर्यंत उन्हात पडलं तर माश्या वाटेतच बाहेर पडतात. निंबोळी अर्काचं कच्चं सामान बांधावर फुकट मिळतं, पण निंबोळ्या जूनमध्ये वेचून, वाळवून ठेवाव्या लागतात, आणि जूनमध्ये शेतकरी पेरणीत असतो. ही दहा हजार केंद्रं गावापासून पाच-सात किलोमीटरवर झाली, त्यांच्याकडे शीतपेटी असली, आणि कपाशीला फुलं लागायच्या आठवड्यात तिथे कार्ड उधार मिळालं, तर पान घेऊन निघालेल्या शेतकऱ्याला जायला दुसरं एक काउंटर असेल.